जोडीदाराचा कॉल चुकला तर? बेसबॉल अंपायरिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत मुलं लिटल लीगमध्ये खेळायला लागली की कधीतरी आईबाबांपैकी कुणाच्या तरी हातात अंपायरचा मास्क येतो. तिथले बहुतेक अंपायर स्वयंसेवकच असतात. माझी सुरुवात अशीच झाली, पुढे हायस्कूलचे सामनेही करू लागलो. नवीन मराठी अंपायर मला जे प्रश्न पाठवतात त्यातले निम्मे एकाच ठिकाणी अडतात: जोडीदार (म्हणजे सोबतचा दुसरा अंपायर) चुकलेला मला दिसला, आता मी काय करू?

ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सगळी उत्तरं दोन अंपायरच्या पद्धतीची (एक होम प्लेटमागे, दुसरा बेसच्या बाजूला) आहेत, कारण आपल्या वाट्याला बहुधा तीच येते. नियमांचे क्रमांक मेजर लीगच्या (अमेरिकेतली सर्वोच्च व्यावसायिक लीग) अधिकृत नियमावलीतले आहेत. लिटल लीग आणि हायस्कूलचे नियम या विषयावर जवळजवळ तेच सांगतात. जिथे फरक आहे तिथे तसं लिहिलं आहे.

१. प्लेट अंपायर हा मुख्य अंपायर ना? मग त्याला बेस अंपायरचा निर्णय फिरवता येतो का?

नाही. हा गैरसमज कोचमध्येही आहे, म्हणून ते फर्स्ट बेसवरच्या कॉलबद्दल थेट प्लेट अंपायरकडे धावतात. प्लेट अंपायर मुख्य असतो तो सामना चालवण्यापुरता. नियम ८.०२(सी) स्वच्छ सांगतो की ज्याने निर्णय दिला त्याने विचारल्याशिवाय दुसऱ्या अंपायरने त्या निर्णयावर टीका करायची नाही, तो फिरवायचा प्रयत्न करायचा नाही, त्यात ढवळाढवळ करायची नाही. कॉल ज्याचा, बदलायचा अधिकारही त्याचाच. अपवाद एकच, दोघांनी एकाच प्लेवर वेगवेगळे निर्णय दिले तर. तो प्रश्न ९ मध्ये आहे.

२. म्हणजे जोडीदार ढळढळीत चुकला तरी, त्याने विचारलं नाही म्हणून, मी गप्प बसायचं?

सुरुवातीची काही वर्षं मी असाच अर्थ लावत होतो, आणि त्याची एक आठवण अजून बोचते. अकरा वर्षांच्या मुलांचा सामना, मी प्लेटवर. सेकंड बेसवर टॅग झाला (फील्डरने चेंडूसह रनरला शिवलं) आणि जोडीदाराने आउट दिलं. तो रनरच्या पाठीमागे होता. फील्डरच्या ग्लव्हमधून चेंडू सुटून त्याच्या नडगीमागे पडला होता. मला तो प्लेटवरून दिसत होता, जोडीदाराला दिसणं शक्यच नव्हतं. मी त्याच्या प्रश्नाची वाट पाहत राहिलो. त्याने विचारलं नाही, कारण विचारण्यासारखं काही घडलंय हेच त्याला माहीत नव्हतं. तो मुलगा डगआउटकडे (संघाच्या बाकांकडे) चालत जाताना मान वळवून त्या चेंडूकडे बघत होता.

नियम मनाई करतो ती निर्णय फिरवायला, माहिती द्यायला नाही. नियम ८ च्या शेवटी अंपायरना उद्देशून ज्या सूचना आहेत त्यांत लिहिलंय की निर्णय बरोबर देणं ही पहिली गरज आहे, आणि अंपायरची प्रतिष्ठा महत्त्वाची असली तरी ‘बरोबर असण्या’इतकी कधीच नाही. कॉलेज स्तरावरच्या मार्गदर्शनात हे आणखी उघडपणे येतं: जोडीदाराला माहीत नसलेली गोष्ट तुम्हाला शंभर टक्के माहीत असेल, तर त्याने बोलावण्याची वाट न पाहता त्याच्याकडे जा. कॉल बदलायचा की नाही हे मात्र तोच ठरवेल.

म्हणून मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो. माझ्याकडे आहे ती माहिती की मत? ‘चेंडू जमिनीवर पडला होता’ ही माहिती. ‘मला तो सेफ वाटला’ हे मत. माहिती असेल तर जायचंच. मत असेल तर जागेवर उभं राहायचं, आणि चेहऱ्यावरही काही दिसू द्यायचं नाही.

३. कोणत्या प्रकारच्या प्लेमध्ये अशी ‘माहिती’ खरोखर असते?

टॅग किंवा फोर्सनंतर (फोर्स म्हणजे रनरला न शिवता नुसता बेस शिवून मिळणारा आउट) सुटलेला चेंडू हा सगळ्यांत जास्त वेळा येणारा प्रकार. त्यानंतर फर्स्ट बेसमनचा बॅगवरून, म्हणजे बेसवरून, उचललेला पाय (प्रश्न ६). होम रनचा चेंडू फाउल रेषेच्या टोकाच्या पोलच्या आतून गेला की बाहेरून, कुंपणावरून थेट गेला की टप्पा पडून. फाउल टिप (बॅटला निसटता लागून थेट मागे गेलेला चेंडू) कॅचरने स्वच्छ पकडली की चेंडू आधी मातीला लागला. प्रेक्षकाने हात घातला का. पिचरचा पाय रबरावरून (तो जिथून चेंडू टाकतो त्या पट्टीवरून) उतरला होता हे न दिसल्याने दिलेला बॉक (पिचरची नियमबाह्य हालचाल). या सगळ्यांत एका अंपायरची नजर अडलेली असू शकते आणि दुसऱ्याची मोकळी.

सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण २०१३ च्या वर्ल्ड सिरीजमधलं (मेजर लीगची अंतिम मालिका). पहिला सामना, बॉस्टनचं फेनवे पार्क, पहिलीच इनिंग. सेंट लुइसचा शॉर्टस्टॉप पीट कोझमा याच्याकडे डबल प्लेसाठी (एकाच प्लेमध्ये दोन आउट) चेंडू आला आणि ग्लव्हला लागून सुटला. सेकंड बेसचे अंपायर डाना डेमुथ यांनी डस्टिन पेड्रोइयाला आउट दिलं. चेंडू पकडून झाल्यावर, दुसऱ्या हातात घेताना सुटला असता तर तो आउट बरोबरच होता. पण चेंडू मुळात पकडलाच गेला नव्हता. सगळे अंपायर एकत्र आले, बाकीच्यांना खात्री होती, आणि कॉल बदलून पेड्रोइया सेफ ठरला. दोन आउट होण्याऐवजी एक आउट आणि बेस भरलेले, अशी स्थिती झाली. लगेच माइक नेपोलीने डबल (दोन बेसचा फटका) मारून तिन्ही रनर घरी आणले. सेंट लुइसचे मॅनेजर माइक मॅथेनी नाराज झाले, पण कॉल बरोबर होता. त्या वर्षी असा निर्णय फिरवण्यासाठी व्हिडिओ नव्हता, जे झालं ते माणसांच्या डोळ्यांवर झालं.

४. आणि कोणत्या कॉलमध्ये तोंड उघडायचंच नाही?

पिचरचा चेंडू बॉल की स्ट्राइक (चेक स्विंग, म्हणजे बॅटरने अर्ध्यात आवरलेला स्विंग, वगळून, प्रश्न ८). चेंडू सुटलेला नाही अशा प्लेमध्ये टॅग आधी की हात बेसला आधी. फर्स्ट बेसवर पाय आधी की चेंडू आधी, म्हणजे क्षणाच्या फरकाचे कॉल. तुम्ही ८०-९० फुटांवर आहात, तो १५ फुटांवर. तुम्हाला वेगळं वाटलं तरी ते मतच.

याची किंमत कधीकधी जबर असते. २ जून २०१० ला डेट्रॉइटमध्ये आर्मांडो गलारागाने क्लीव्हलंडचे पहिले २६ बॅटर ओळीने बाद केले होते. परफेक्ट गेमला (समोरचा एकही बॅटर बेसवर न पोचलेला सामना) एक आउट बाकी. सत्ताविसाव्या जेसन डोनाल्डचा ग्राउंडर (जमिनीलगतचा फटका) फर्स्ट बेसमन मिगेल काब्रेराने उचलला, गलारागाने बेसवर येऊन चेंडू घेतला आणि जिम जॉइस यांनी सेफ दिलं. तो आउट होता, चांगल्या फरकाने. मैदानावर बाकी तीन अंपायर होते, कुणी पुढे आलं नाही, आणि नियमाने येऊही नये. जॉइस यांची नजर कशाने अडलेली नव्हती. सर्वात जवळ तेच होते आणि त्यांनी जे पाहिलं तेच दिलं. तेव्हा व्हिडिओ फक्त होम रनच्या निर्णयांसाठी होता, २००८ पासून. बाकीच्या बहुतेक कॉलसाठी तो २०१४ मध्ये आला. सामन्यानंतर जॉइस यांनी व्हिडिओ पाहून चूक उघडपणे मान्य केली, आणि दुसऱ्या दिवशी प्लेटवर उभे असताना गलारागानेच त्यांच्या हातात लाइनअप कार्ड (संघाची यादी) दिलं, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

मला विचारतात, अशा वेळी तरी जोडीदाराने बोलायला नको का? मी हो म्हणू शकत नाही. आज परफेक्ट गेमसाठी बोललो, तर उद्या प्रत्येक जवळच्या कॉलवर कोच तेच मागेल, आणि आमच्या मैदानांवर व्हिडिओ नाही.

५. माझ्याकडे खात्रीची माहिती आहे. जोडीदारापर्यंत ती पोचवायची कशी?

आधी प्ले पूर्ण होऊ द्या. चेंडू खेळात असताना ‘सुटला, सुटला’ असं ओरडलात तर रनर आणि फील्डर दोघेही तुमच्यावर विसंबून चुकीचं काहीतरी करतील. प्ले थांबली की टाइम घ्या, मास्क काढा आणि चालत जा. धावू नका, त्याने सगळ्यांना काय झालंय ते आधीच कळतं. खेळाडूंपासून लांब उभे राहा, कोचला जवळ येऊ देऊ नका.

मग आधी त्याला विचारा, ‘तुला काय दिसलं?’ पुष्कळदा तो म्हणतो, ‘सुटला ते मी पाहिलं, पण आधी ताबा होता.’ तसं असेल तर विषय संपला. त्याने पाहिलंच नसेल तर एका वाक्यात सांगा: ‘टॅगनंतर लगेच चेंडू त्याच्या पायामागे पडला, ताबा नव्हता.’ ‘तू चुकलास’, ‘बदलून टाक’ असलं काही बोलायचं नाही. निर्णय त्याला घेऊ द्या आणि बदललेला कॉल त्यालाच जाहीर करू द्या. तुम्ही हाताने सेफ दाखवलंत तर उरलेल्या सामन्यात त्याच्या कॉलवर कुणी विश्वास ठेवणार नाही.

आणखी चांगला उपाय म्हणजे सामन्याआधी, गाडीजवळ शिनगार्ड बांधताना, एक खूण ठरवून ठेवणं. ‘माझ्याकडे काहीतरी आहे, माझ्याकडे बघ.’ आम्ही छातीवर हात ठेवतो. नियमावलीतल्या सूचनाही अशा साध्या खुणा ठरवायला सांगतात. ज्या दोघांनी ही पाच मिनिटं दिलेली नसतात ते तिसऱ्या इनिंगला लगेच ओळखू येतात.

६. कॉल माझा आहे आणि मलाच शंका आहे. कॉल देऊन विचारू की आधी विचारू?

आधी. पाय उचलल्याची प्ले याचा नमुना आहे. बेसवर रनर असले की बेस अंपायर मैदानाच्या आत, पिचरच्या मागे उभा असतो. शॉर्टस्टॉपचा थ्रो प्लेटच्या बाजूला गेला आणि फर्स्ट बेसमन ताणला गेला, तर त्याचा पाय बॅगवर आहे का हे तिथून नीट दिसत नाही. प्लेट अंपायरला मात्र फर्स्टच्या रेषेवरून तो सरळ दिसतो. अशा वेळी हात वर करण्याआधी, त्याच्याकडे बोट दाखवून मोठ्याने विचारायचं, ‘पाय होता का?’ उत्तरही तितक्याच मोठ्याने आलं पाहिजे, आणि मग तुमचा कॉल. तीन सेकंदांत सगळं संपतं आणि कॉल बदलावा लागतच नाही.

मी एकदा याच्या उलट केलं. बारा वर्षांच्या मुलांचा सामना, फर्स्ट आणि सेकंडवर रनर, मी थर्डच्या बाजूला आत. थ्रो ओढला गेला, मी सवयीने आउट दिला आणि देतानाच पोटात गोळा आला. कोच आला, मी जोडीदाराकडे गेलो, त्याने शांतपणे सांगितलं, ‘पाय एक फूट बाहेर होता.’ मी कॉल बदलला. मग दुसरा कोच आला. पाच मिनिटं गेली, दोन्ही डगआउट तापले. तोच प्रश्न आधी विचारला असता तर कुणी जागचं हललं नसतं.

७. कोच म्हणतो, ‘तुमच्या जोडीदाराला विचारा.’ विचारणं बंधनकारक आहे का?

चेक स्विंग सोडून, नाही. तुम्हाला प्ले पूर्ण दिसली असेल तर नम्रपणे ‘कोच, मला पूर्ण दिसली’ एवढं पुरे. सूचनांमध्येही आहे की खात्री असेल तर ‘दुसऱ्याला विचारा’ या गलक्याला बळी पडू नका, आणि खात्री नसेल तर विचारायला संकोच करू नका. पण कोच नेमकी गोष्ट सांगत असेल, ‘चेंडू ग्लव्हमधून बाहेर आला होता’, आणि ती बाजू तुम्हाला दिसलेली नसेल, तर जरूर विचारा. ‘तो सेफ होता’ ही तक्रार आहे. ‘चेंडू सुटला’ हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. हा फरक कोचना समजावून सांगितला की बरेच जण तो पाळतात, असा माझा अनुभव आहे.

फक्त वातावरण निवळावं म्हणून जोडीदाराकडे जाऊन यायचं, हे मला अजिबात पटत नाही. जोडीदाराला उगाच पेचात टाकतो आपण.

८. चेक स्विंगमध्ये काय वेगळं आहे?

तिथे मदत मागण्याची पद्धतच नियमात आहे. प्लेट अंपायरने ‘बॉल’ दिला असेल तरच मॅनेजर किंवा कॅचर बेस अंपायरला विचारायची विनंती करू शकतो. स्ट्राइक दिली असेल तर नाही. मेजर लीगच्या नियमात विनंती झाली की विचारावंच लागतं, आणि बेस अंपायरने स्ट्राइक दिली तर तीच कायम राहते. हायस्कूलमध्ये प्लेट अंपायरवर तशी सक्ती नाही, तरी मी नेहमी विचारतो.

एक खाचखळगा लक्षात ठेवा. दोन स्ट्राइक असताना चेंडू कॅचरकडून निसटला आणि तुम्ही बॉल दिलात, तर कुणी विनंती करण्याची वाट पाहू नका, लगेच विचारा. तो स्विंग ठरला आणि फर्स्ट बेस मोकळा असेल किंवा दोन आउट असतील, तर बॅटरला पळायचा हक्क आहे. दहा सेकंदांनी स्ट्राइक जाहीर झाली तर तो बिचारा तिथेच उभा असतो.

९. आम्ही दोघांनी एकाच वेळी उलट कॉल दिले. मी आउट, तो सेफ. आता?

नियम ८.०३(सी). मुख्य अंपायर दोघांची बैठक घेतो, कोच किंवा खेळाडू जवळ नको. अधिक चांगल्या जागी कोण होतं आणि कुणाचा कॉल बरोबर असण्याची शक्यता जास्त, हे पाहून मुख्य अंपायर एक निर्णय ठरवतो. मग फक्त तोच निर्णय झाला होता असं समजून खेळ पुढे जातो. दोन अंपायरमध्ये मुख्य अंपायर स्वतःच वादात असतो. तेव्हा प्रामाणिकपणे स्वतःला विचारा, ही प्ले ठरल्याप्रमाणे कुणाची होती? बहुतेक वेळा उत्तर तिथेच मिळतं. थर्ड बेसची जबाबदारी कधी प्लेट अंपायरकडे येते आणि कधी नाही, हा घोळ यामागे सर्वांत जास्त असतो, म्हणून तो सामन्याआधी बोलून घ्या.

१०. ‘फाउल’ (रेषेबाहेर) ओरडून झालं. जोडीदार म्हणतो फेअर (रेषेच्या आत) होता. बदलता येईल?

जवळजवळ कधीच नाही. ‘फाउल’ ऐकलं की बॅटर थांबतो, फील्डर चेंडू सोडून देतो, रनर परत फिरतात. पुढे काय झालं असतं ते कुणाला सांगता येणार? कुंपणावरून गेलेला चेंडू तेवढा अपवाद, कारण तिथे पुढे काही घडायचं नसतंच.

उलट दिशा सोपी. फेअर दिलेला चेंडू फाउल ठरला तर सगळे होते तिथे परत जातात. म्हणून रेषेवर शंका असेल तेव्हा तोंड आवरा, आधी बघा. कोणाची रेषा कोणती हेही ठरलेलं हवं. बेस अंपायर फर्स्टच्या मागे उभा असेल तर बॅगेपासून पुढची उजवी रेषा त्याची. तो मैदानाच्या आत असेल तर दोन्ही रेषा पूर्णपणे प्लेट अंपायरच्या.

११. कॉल बदलला. आता रनर कुठे ठेवायचे?

नियम ८.०२(सी) इथे पूर्ण मोकळीक देतो. बदललेला कॉल सुरुवातीलाच दिला असता तर रनर जिथे पोचले असते असं तुम्हाला वाटतं, तिथे त्यांना ठेवायचं. पहिल्या कॉलवर विसंबून कुणी टॅग-अप (झेल झाल्यावर मूळ बेसला पुन्हा शिवणं) केलं नसेल किंवा बेस चुकवला असेल, तर त्याची शिक्षा नाही.

१९ ऑक्टोबर २००४, यांकी आणि बॉस्टन यांच्यातला अमेरिकन लीग अंतिम मालिकेचा सहावा सामना. एकाच सामन्यात दोन कॉल बैठकीतून बदलले. चौथ्या इनिंगमध्ये मार्क बेलहॉर्नचा फटका डाव्या कुंपणाच्या मागे प्रेक्षकाला लागून आत परतला. आधी तो खेळातला चेंडू धरला गेला, मग अंपायर एकत्र आले आणि होम रन दिली. तीन रन. तिथे रनर ठेवायचा प्रश्नच नव्हता, सगळे घरी. आठव्या इनिंगमध्ये अलेक्स रॉड्रिगेझने फर्स्टच्या रेषेवर टॅग करायला आलेल्या पिचर ब्रॉन्सन अरोयोच्या ग्लव्हवर हाताने फटका मारला. चेंडू लांब गेला, फर्स्टवरचा डेरेक जीटर घरी पोचला. फर्स्टचे अंपायर रँडी मार्श यांनी आधी सेफ दिलं होतं. बैठकीनंतर इंटरफिअरन्स (फील्डरच्या प्लेमध्ये बेकायदा अडथळा): रॉड्रिगेझ आउट, जीटरचा रन रद्द आणि तो परत फर्स्टवर. दुसऱ्या कोनातून हाताचा फटका दिसला होता. ही पूर्णपणे माहिती होती, मत नव्हे.

सर्वांत अवघड ती झेल आणि टप्प्याची प्ले. ‘झेल नाही’ वरून ‘झेल’ केलं तर रनरना मूळ बेसवर पाठवता येतं. पण ‘झेल’ दिला, तीन रनर परत फिरले, आणि मग तो टप्पा होता असं ठरवलं, तर प्रत्येक रनरसाठी अंदाज बांधावा लागतो. कॉल बदलल्याने आणखी मोठा घोळ होणार असेल तर तो तसाच ठेवणं बरं, असंही शिकवलं जातं. मला ते पटायला वेळ लागला, पण बेस भरलेले असताना एकदा हे करून पाहिलं की पटतं.

१२. चूक नजरेची नाही, नियमाची आहे. जोडीदार बेसच चुकीचे देतोय. तरीही त्याने विचारेपर्यंत थांबायचं?

इथे थांबू नका. दिसण्याबद्दल दोन माणसांचं वेगळं म्हणणं असू शकतं, नियमाबद्दल नाही. लगेच टाइम घ्या आणि बाजूला घेऊन सांगा. कोच तक्रार करेल तोवर थांबलात तर दोघंही अज्ञानी दिसाल.

नेहमीचं उदाहरण: रनर फर्स्टवर, राइट फील्डमध्ये झेल. रनर अर्ध्या वाटेवरून परत फिरलाय आणि फील्डरचा थ्रो फर्स्टवरून डगआउटमध्ये जातो. ‘ज्या बेसकडे जात होता तो, अधिक एक’ हा मैदानावरचा पाठ झालेला मंत्र चुकीचा आहे. त्याने रनरला सेकंड मिळेल. नियम ५.०६(बी)(४)(जी) प्रमाणे थ्रो सुटला तेव्हाच्या जागेपासून दोन बेस मिळतात, म्हणजे थर्ड, अर्थात फर्स्टला परत टॅग-अप करून. इनफील्डरने पहिल्याच प्लेमध्ये केलेला थ्रो बाहेर गेला तर मोजणी चेंडू टाकला त्या वेळच्या जागेपासून.

नियम चुकला असं वाटलं तर मॅनेजर दाद मागू शकतो, पण निर्णय देणाऱ्या अंपायरकडेच. मेजर लीगमध्ये पूर्वी सामन्याचा निषेध नोंदवता येई. १९८३ मध्ये जॉर्ज ब्रेटच्या बॅटवरच्या पाइन टारमुळे (पकडीसाठी लावायचा चिकट पदार्थ) रद्द केलेली होम रन लीगच्या अध्यक्षांनी परत दिली आणि सामना जवळजवळ महिन्याभराने तिथूनच पुढे खेळवला. तिथे ती सोय आता उरलेली नाही.

१३. काउंट (बॉल-स्ट्राइकची मोजणी) चुकला तर?

लगेच बोला, जागेवरूनही चालेल. दोघांच्या हातातले क्लिकर याचसाठी आहेत. चौथा बॉल पडलाय आणि जोडीदाराला कळलं नाही, तर शांत राहण्यात काही सभ्यता नाही.

१४. रनरने बेस चुकवला. जोडीदाराला दिसलं नाही, मला दिसलं. सांगू?

इथे मात्र नाही. चुकवलेला बेस, झेल पूर्ण होण्याआधी सोडलेला बेस, ही अपीलची प्रकरणं. अपील बचाव करणाऱ्या संघाने करायचं असतं. अपील झालं आणि जोडीदाराने तुमच्याकडे पाहिलं तर सांगा, तोवर चेहरा कोरा. चुकीच्या क्रमाने आलेल्या बॅटरबद्दलही तेच: अंपायरने त्याकडे कुणाचंही लक्ष वेधायचं नाही असं नियमातच लिहिलंय.

१५. जोडीदाराने ऑब्स्ट्रक्शन (फील्डरने रनरची वाट अडवणं) दिलं नाही, मी दिलं. ही त्याच्या कॉलमध्ये ढवळाढवळ झाली का?

नाही. ऑब्स्ट्रक्शन, इंटरफिअरन्स, बॉक या गोष्टी ज्याला दिसल्या त्याने द्यायच्या. तो चेंडूमागे पाहत असेल, तुम्ही थर्डला आडव्या आलेल्या फील्डरकडे. त्याने कॉल दिलेलाच नाही, तर बदलायचं काय?

१६. माझा जोडीदार पंधरा वर्षांचा मुलगा आहे. त्याला सारखं दुरुस्त करणं बरं वाटत नाही. काय करू?

लिटल लीगमध्ये हे खूप होतं, आणि मला ते आवडतं. पण वयाने मोठे म्हणून आपण त्याचे कॉल हळूहळू स्वतःच द्यायला लागतो, हे मी अनेकदा पाहिलंय. तसं करू नका. त्याच्यासाठीही प्रश्न २ चीच कसोटी. माहिती असेल तर प्रश्न ५ प्रमाणे जा आणि कॉल त्यालाच बदलू द्या. त्याचा कॉल तुम्हाला फक्त पटला नाही, तर तो त्याचा कॉल आहे.

एक गोष्ट मात्र तुमची. कोच त्याच्यावर ओरडत असेल तर मध्ये जा. तो कॉलचा प्रश्न राहत नाही. सामना तुम्ही चालवताय.

तुम्ही स्वतः नवे आणि जोडीदार तीस वर्षांचा अनुभवी असेल, तरी चेंडू सुटलेला पाहिलात तर सांगा. चांगले जुने अंपायर यासाठी आभार मानतात.

१७. आम्ही क्रिकेट खेळून मोठे झालो. तिथे असं नसतं का?

तत्त्व तेच आहे. क्रिकेटच्या कायद्यातही प्रत्येक अंपायरने आपल्या हद्दीतल्या अपीलचं उत्तर द्यायचं असतं, आणि एखादी गोष्ट दुसऱ्याला जास्त चांगली दिसली असेल असं वाटलं तर त्याला विचारायचं, पण निर्णय आपणच द्यायचा. झेल जमिनीला लागला का म्हणून गोलंदाजाच्या टोकाचा अंपायर स्क्वेअर लेगकडे चालत जातो, ते दृश्य आपण सगळ्यांनी पाहिलंय. महाराष्ट्रात शाळेत सॉफ्टबॉल खेळलेल्यांना तर इथलं सगळं ओळखीचंच वाटेल. फरक वेगाचा आहे. बेसबॉलमध्ये कॉलनंतरही चेंडू जिवंत असतो आणि चार माणसं पळत असतात, त्यामुळे उशिरा आलेली दुरुस्ती इथे जास्त महाग पडते.

१८. पुढचा चेंडू टाकून झाला आणि मग जोडीदाराला सांगायला हवं होतं असं वाटलं. आता?

आता नाही. पुढचा चेंडू पडला की मागच्या प्लेचे कॉल बंद. म्हणून माहिती असेल तर पिचर रबरावर पाय ठेवायच्या आत टाइम घ्या, पायपीट झाली तरी चालेल. उशीर झालाच तर इनिंगच्या मध्ये दोन शब्दांत सांगा, म्हणजे पुढच्या वेळी तो तुमच्याकडे बघेल. कोचला काही बोलू नका. सामना संपल्यावर पार्किंगमध्ये सामान भरताना सविस्तर बोला, आणि सुरुवात आपण उशीर केला इथून करा. माझ्या त्या सेकंड बेसच्या जोडीदाराला मी पार्किंगमध्येच सांगितलं होतं. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘पुढच्या वेळी चालत ये माझ्याकडे. मी रागावणार नाही.’